न्यायचावडीतला खालचा दगड

"...म्हणजे न्याय देणारा इथं वर बसायचा. बरोबर ना, महाराज?"

श्रीनिवास खासनीसांनी उंच दगडी ओट्यावर हात ठेवून विचारलं. जिल्हा न्यायाधीश म्हणून ते गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते. शहराच्या ऐन मध्यात, सराफ बाजाराच्या तोंडाशी पाचशे वर्षं उभी असलेली ही न्यायचावडी त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. आज त्यांचे गुरू गैबीनाथ आपणहून म्हणाले होते, "चल, चावडी पाहून येऊ."

गैबीनाथांनी मान हलवली.

"आणि हा खालचा दगड?"

"आरोपीचा."

आदल्या दिवशी खासनीसांनी मठात येऊन एक गोष्ट सांगितली होती. अकरा वर्षांपूर्वी देवीचा चांदीचा मुखवटा चोरल्याबद्दल त्यांनी लहानू तांबट नावाच्या माणसाला पाच वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्याच वर्षी लहानू तुरुंगात तापानं गेला. आणि गेल्या महिन्यात तो मुखवटा भलत्याच माणसाकडे सापडला. त्यानं चोरी कबूल केली.

"माझ्या हातून पाप झालं का?" त्यांनी विचारलं होतं.

गैबीनाथांनी तेव्हा त्यांना फक्त उद्या ये म्हणून सांगितलं होतं.

"वर बैस," ते आता म्हणाले.

खासनीस ओट्यावर बसले. बसताच पाठ आपोआप ताठ झाली.

"काय दिसतं?"

"सगळंच. दरवाजा, रस्ता, पार सराफ बाजारापर्यंत. जागा विचारानं निवडली आहे, महाराज. न्यायाधीशाच्या नजरेतून काही सुटता कामा नये."

"आता खाली बैस."

गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. दगड लहान होता, मधोमध झिजलेला. दरवाजा आता पाठीमागे गेला होता.

"काय दिसतं?"

दोन्ही बाजूंना भिंत. समोर ओटा.

"काही नाही. वर बसलेल्या माणसाचं तोंड तेवढं दिसेल."

गैबीनाथ ओट्यावर जाऊन बसले.

"लहानू किती वेळा तुझ्यापुढं आला?"

"सतरा तारखा झाल्या."

"दिसायला कसा होता?"

खासनीस बोलायला गेले आणि थांबले. कलमं आठवत होती. साक्षीदारांची नावं आठवत होती. निकालपत्राचा पहिला परिच्छेद तर तोंडपाठ होता. वकील मंडळी अजून त्याचं कौतुक करत.

"उंच असावा... नाही. सांगता येत नाही."

खासनीस दगडावर सावरून बसले.

"पुरावा पुरेसा होता, महाराज. वरच्या कोर्टानंही निकाल कायम केला. माझ्या जागी दुसरा कुणीही असता, तरी..."

गैबीनाथ त्यांच्याकडे पाहत राहिले. नजरेत राग नव्हता, पण ती हलतही नव्हती. खासनीसांना मान खाली घालावीशी वाटली. घालवेना.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो तसाच हातात राहिला.

"मला शिक्षा द्या, महाराज."

गैबीनाथ खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

"ती माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या?"

"लहानूची बायको कुठं असते?"

"तांबट आळीत. सुगंधाबाई नाव आहे. मी... दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो."

"का?"

"काय बोलायचं ते नीट जुळत नव्हतं."

गैबीनाथांनी त्यांना हात देऊन उठवलं. दोघं बाहेर पडले आणि बाजारातून चालू लागले. एकदोन दुकानदारांनी खासनीसांना ओळखून नमस्कार केला. एरवी ते थांबून चौकशी करत. आज थांबले नाहीत.

तांबट आळीच्या तोंडाशी भांडी ठोकल्याचा आवाज कानांवर आदळू लागला. गैबीनाथ तिथंच उभे राहिले.

"पुढं तू जा."

खासनीसांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "रात्री चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. तिच्यापुढं एवढं वाचून दाखवू?"

गैबीनाथांनी कागद घेतला. उघडून न पाहताच झोळीत टाकला.

"मग मी करू काय, महाराज?"

"ती बस म्हणाली, तर बस. नाही म्हणाली, तर उभा राहा."