शलोमीची साक्ष

“या लेकरांच्या डोक्यात कुणीतरी घाण भरून ठेवली आहे. वर्षानुवर्षं. आणि आज मी ती उपसायला लागलो, तर वास आला म्हणून ओरड मात्र माझ्या नावाने.”

अनुग्रह उमाप दारातूनच बोलत होता. सलाम करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

चर्चच्या मागच्या खोलीत लेयाबाई जमिनीवर पांढरं फडकं अंथरून बसल्या होत्या. उद्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. परातीत कोमट पाणी आणि त्यात अंगठ्याएवढे काचेचे प्याले. एकेक प्याला धुवायचा, निथळायचा, फडक्यावर पालथा घालायचा. बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. हात थरथरायचा, पण प्याला कधी हातातून सुटला नव्हता.

“कुणी भरली घाण?” त्यांनी विचारलं.

“कुणी म्हणजे... सगळ्यांनीच.”

“मग बस. सगळ्यांबद्दल बोलायचं तर वेळ लागेल.”

तो बसला नाही.

चाळीस वर्षं या मंडळीचा बालवर्ग लेयाबाईंनी चालवला होता. दोन गाणी, एक गोष्ट, मातीकाम, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणे नि गुळाचा खडा. अनुग्रह त्याच वर्गातून पुढे गेला. पुण्याहून धर्मशास्त्राची पदवी घेऊन तो परत आला, तेव्हा पाळकसाहेबांनी वर्ग त्याच्या हाती सोपवला. अट एकच घातली. बाई आहेत तोवर वर्गात काहीही बदल करायचा तर आधी त्यांना विचारायचं.

ही अट त्याला पहिल्या दिवसापासून टोचत होती. आणि त्याने न विचारताच बदल केला होता.

कारण त्याला बघवत नव्हतं. मुलं आत गोड आवाजात स्तोत्रं म्हणायची आणि चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता एकमेकांना शिव्या घालायची. आईबाप हसायचे. लहान आहेत, म्हणायचे. अनुग्रहच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लहान आहेत म्हणूनच तर. हात ताब्यात ठेवायला शिकवता, जीभ ताब्यात ठेवायला शिकवता, आणि ज्या मनातून हे सगळं निघतं ते मन मोकाट सोडता? प्रभूला अर्पण करायचं ते मन आधी कह्यात आणायला नको?

बुधवारच्या प्रार्थनासभेत मोठी माणसं साक्ष देत. सगळ्यांसमोर उभं राहून, आपण कुठल्या पापात रुतलो होतो आणि प्रभूने त्यातून कसं काढलं, ते सांगत. कुणाची दारू सुटलेली असे, कुणाचं भावाशी असलेलं वीस वर्षांचं वैर मिटलेलं असे. ऐकणारे डोळे पुसत.

अनुग्रहने तीच रीत सहा-सात वर्षांच्या मुलांना लावली. दर रविवारी एकेकाने उभं राहायचं आणि आठवड्यात मनात आलेला वाईट विचार मोठ्याने सांगायचा.

पहिले दोन रविवार बरे गेले. एकाने शेजारच्यांचे पेरू चोरावेसे वाटले म्हणून सांगितलं, एकाने शाळेतल्या मास्तरांच्या पिशवीत पाल सोडावीशी वाटली म्हणून. वर्ग हसून लोळला.

तिसऱ्या रविवारी शलोमी उभी राहिली. सात वर्षांची, दुसरीतली.

“मला वाटलं, आमचं बाळ मरून जावं,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. अनुग्रहला मात्र आत कुठेतरी आनंद झाला. अखेर एकाने तरी खरं सांगितलं होतं. त्याने वर्गाला समजावलं, की देवाच्या लेखी मनात मारणं आणि हाताने मारणं यात फरक नाही. मग शलोमीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने लांबलचक प्रार्थना केली.

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले होते.

तीन आठवडे शलोमी आपल्या सहा महिन्यांच्या भावाजवळ गेली नव्हती. बाळ ज्या खोलीत असेल तिथून ती उठून जायची. ताट घेऊन अंगणात बसायची आणि दोन घास खाऊन ताट सारायची. आईची निळी ओढणी तिने कपाळावरून घट्ट आवळून बांधली होती आणि ती कुणालाच सोडू देत नव्हती. शाळेतसुद्धा. आईने धाक घातला, समजूत घातली, शेवटी रडून विचारलं, तेव्हा कुठे ती बोलली.

“डोक्यातलं सुटलं तर बाळाला लागेल.”

तिची आई नओमी रोपवाटिकेत कामाला होती. ती चिखलाच्या हातांनिशी बुधवारच्या सभेत शिरली आणि सगळ्या मंडळीदेखत अनुग्रहला नाही नाही ते बोलली. पाळकसाहेबांनी त्याला बजावलं, की उद्याच्या आत लेयाबाईंना भेट आणि हे मिटव. मनात कुणाशी वाकडं ठेवून कुणी प्रभुभोजनाला बसत नसतं.

म्हणून तो आला होता. मिटवायला नव्हे... भांडायला.

त्याने सगळं काढलं. नओमीच्या घरातली रोजची कटकट, दिवसभर चालणारा टीव्ही, बाळ झाल्यापासून मोठीकडे कुणाचं लक्ष नाही ते. विचार काय माझ्या वर्गात जन्माला आला? तो तिथे होताच. मी फक्त झाकण उघडलं. मग त्याची गाडी बाईंवर आली. चाळीस वर्षं शेंगदाणे वाटले गेले, चाळीस वर्षांत एका तरी पोराला मन आवरायला शिकवलं गेलं का, असं त्याने विचारलं.

बाईंनी वर न बघता एक कोरडं फडकं त्याच्यापुढे धरलं.

आणि अनुग्रह बसला. या खोलीत बाईंनी फडकं दिलं की खाली बसून पुसायला लागायचं, हे तो सहा वर्षांचा असताना शिकला होता. तो पुसत होता आणि बोलत होता. आवाज चढत होता.

बाई ऐकत होत्या. एक प्याला. दुसरा प्याला.

“माझं चुकलं काय, ते तरी सांगा,” शेवटी तो म्हणाला.

बाईंनी आणखी एक प्याला परातीतून काढला.

“बाई, मी पदरचं काही सांगितलं नाही. शास्त्रात आहे ते.”

“आहे.”

“मग?”

लेयाबाईंनी हातातला प्याला खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. खाली ठेवला.

“साक्ष दे,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“रीत तुझीच आहे ना? ऊठ. उभा राहा, आणि मनात आलेलं सांग.”

तो उठला. ओठांवर थोडं हसू आलं. एवढंच ना? त्याने घसा साफ केला आणि सांगितलं, की माझ्यात अधीरपणा आहे, ज्ञानाचा थोडा अभिमान आहे, आणि त्यासाठी मी रोज प्रार्थना करतो.

“हे कॉलेजातलं झालं,” बाई म्हणाल्या. “आजचं सांग. या दारात पाय ठेवलास तेव्हाचं.”

त्याने तोंड उघडलं.

दारात पाय ठेवला तेव्हा त्याला बाईंची वाकलेली पाठ दिसली होती. आणि मनात आलं होतं, ही म्हातारी एकदाची गेली असती तर बरं झालं असतं. अगदी असंच, या शब्दांत. नुसतं एवढ्यावर थांबलं नव्हतं. त्याला दफनभूमीही दिसली होती, जमलेली मंडळी दिसली होती, आणि शवपेटीवर माती लोटण्याआधी सुंदर शब्दांत प्रार्थना करणारा तो स्वतः दिसला होता.

त्याने तोंड मिटलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

परातीत पाणी ठिबकत होतं.

“नाही सांगता येत,” तो म्हणाला.

“तू चोवीस वर्षांचा आहेस,” बाई म्हणाल्या. “ती सात.”

तो मटकन खाली बसला. राग गेला नव्हता. नओमी, टीव्ही, मंडळी, शेंगदाणे... आतापर्यंत त्याला जायला किती वाटा होत्या. आता एकही उरली नव्हती. त्याने समोरचा प्याला उचलला आणि पुसायला घेतला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

बाईंनी विचारलं, “जे काही मनात होतं, ते मघापासून होतं ना?”

“हो.”

“आणि हातात माझे प्याले होते.”

“हो.”

“किती फोडलेस?”

अनुग्रहने फडक्याकडे पाहिलं. चार रांगा होत्या. स्वच्छ, कोरड्या, एकाही काठाला टवका न गेलेल्या.

“एकही नाही.”

“का रे?”

उत्तर त्याला सापडलं होतं. पण ते इतकं लहान होतं, की पदवी घेतलेल्या माणसाला ते तोंडातून काढायची लाज वाटावी.

दारात सावली पडली. नओमी आली होती. बाईंनीच तिला चार वाजता यायला सांगून ठेवलं होतं. बाळ कडेवर होतं. तिने बाईंना सलाम केला आणि अनुग्रहकडे अशी पाठ फिरवली, जणू तिथे कुणी बसलेलंच नव्हतं. तिच्यापासून चार हात मागे, चौकटीला धरून, शलोमी उभी होती. ओढणी इतकी आवळलेली होती, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. ती सारखी दचकल्यासारखी दिसत होती.

“आता सांग,” लेयाबाई म्हणाल्या. “मला नको. तिला.”

अनुग्रह उठला. शलोमीसमोर जाऊन उकिडवा बसला, तिचे डोळे आणि त्याचे डोळे एका पातळीवर येतील असा. आवाज निघाला तो घोगरा, रागावल्यासारखा.

“शलोमी, आज दुपारी माझ्या मनात आलं... की लेयाबाई मरून जाव्यात.”

नओमीने वळून पाहिलं. बाईंनी पुढचा प्याला पाण्यात बुडवला.

शलोमीने बाईंकडे टक लावून पाहिलं. पाय पाहिले, हात पाहिले, छातीची हालचाल पाहिली. बाईंना मधेच खोकला आला, तशी ती शहारली. खोकला थांबला. बाईंनी प्याला निथळला आणि पालथा घातला.

“मेल्या नाहीत,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुम्ही डोकं बांधलं होतं?”

“नाही.”

“मग काय केलं?”

अनुग्रहने मागे वळून पाहिलं. धर्मशास्त्राचं एकही पान मदतीला आलं नाही.

“प्याले पुसले,” तो म्हणाला.

शलोमीने यावर विचार केला. मग बाईंना विचारलं, “आजी, येशूला कळलं असेल ना ते?”

“कळलं.”

“मग तो काय करतो?”

“त्याला मनातलं सांगून टाकलं, की मग तो हाताला काम देतो.”

शलोमीने अनुग्रहच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. ते फडकं वेगळं धुतलं जाई, वेगळं वाळत घातलं जाई. प्रभुभोजनाच्या प्याल्यांशिवाय ते कशालाच लावायचं नाही, असा बाईंचा चाळीस वर्षांचा दंडक होता. अनुग्रहने सवयीने हात पुढे केला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हात मागे गेला.

बाळाला दात येत होते. हनुवटीवरून लाळ गळत होती. शलोमी जितकं दूर उभं राहता येईल तितकं दूर उभी राहिली, हात जितका लांब जाईल तितका लांब केला, आणि फडक्याच्या टोकाने बाळाची हनुवटी पुसली. बाळाने फडकं मुठीत पकडलं आणि ओढलं. तिने सोडलं नाही. ते ओढत राहिलं, ती एकेक पाऊल जवळ येत राहिली.

नओमी हललीसुद्धा नाही.

अनुग्रह तिच्यासमोर उभा राहिला. मग तो बोलला. माझी चूक झाली, म्हणाला. मोठ्यांचं ओझं मी लेकराच्या डोक्यावर दिलं, म्हणाला. आणखीही पुष्कळ म्हणाला, आणि या वेळी त्यात एकही शब्द पुस्तकातला नव्हता. उद्या प्रभुभोजनाच्या आधी तुम्ही मला क्षमा करा, असं त्याने हात जोडून विनवलं.

नओमीने त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली,

“हे उद्या वर्गात सगळ्यांपुढं उभं राहून सांगा, सर. माझी पोरगी उभी राहिली होती.”