डोंगराचे राजफूल

त्या राज्यात प्रत्येक प्रांताचे स्वतःचे एक राजफूल होते, आणि ज्याचे फूल दरबारातल्या घंगाळात नाही त्याला दरबारात आसन नाही, असा नियम होता. पाऊस ओसरला की सगळी फुले राजधानीला येत आणि घरटी विणणारी सुगरण त्यांची मांडणी करी.

तळ्याच्या प्रांताने कमळ निवडले, माळाने शेवंती, नदीकाठाने निशिगंध. डोंगराने मात्र कारवी निवडली. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. एरवी नुसत्या काटक्या. हे डोंगराला ठाऊक नव्हते असे नाही. पण भर पावसात जिने त्याची माती धरून ठेवली, तिला डावलून दुसरीला मान द्यायला त्याचे मन होईना. शहाण्यांनी त्याला वेड्यात काढले.

पहिल्या दरबाराला डोंगराचे भेकर काटक्यांची मोळी घेऊन आले. राजाने फूल मागवले होते, सरपण नव्हे, असे कमळ म्हणाले आणि सगळी हसली. मोळी दाराशीच राहिली.

घंगाळाचे तोंड रुंद होते. निशिगंध कलंडला, शेवंती डोके जड होऊन पाण्यात पडली, कमळाचा पोकळ देठ पार लवला. नाचता येईना अंगण वाकडे, तशी सगळी घंगाळाला नावे ठेवू लागली. शेवटी सुगरणीने वैतागून मोळी सोडली, काटक्या घंगाळात आडव्याउभ्या खोचल्या आणि एकेका फुलाला त्यांच्या आधाराने बसवले. सगळी ताठ उभी राहिली. काटक्या मागे दिसेनाशा झाल्या.

मग कारभारी भारद्वाज हजेरी घ्यायला आला. डोंगराचे फूल कुठे आहे, असे त्याने विचारले. भेकराने मान खाली घातली. कमळाला गप्प बसता आले असते. एक आसन कमी झाले तर तळ्याचेच पुढे सरकणार होते.

"डोंगर इथंच आहे," कमळ म्हणाले. "मी त्याला टेकून उभं आहे. त्याला काढायचं तर आधी मला काढा."

आसन राहिले. भेकराचे डोळे भरून आले. कमळाला वाटली तीही कृतज्ञताच होती, पण मोठ्या घरच्या फुलाला ती उघड दाखवायला वेळ लागतो. पुढे दरवर्षी डोंगर आपल्या सर्वांत सरळ काटक्या निवडून पाठवू लागला.

आणि एका वर्षी डोंगर जांभळा झाला. भेकराने मोळी आणली ती काटकीन् काटकी फुललेली. सुगरण तिला पुढे मांडायला निघाली, पण कारवीने नेहमीचीच जागा मागितली. आपण हललो तर बाकीची पडतील, एवढेच ती म्हणाली. सुगरणीने तिला मधोमध रोवले आणि बाकीच्या फुलांना तिच्याभोवती टेकवले.

दरबाराची दारे उघडली. त्या दिवशीही आधार भक्कम होता. तरी कमळ आपणहून घंगाळाच्या काठापर्यंत वाकले, मग शेवंती, मग निशिगंध. आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला मधोमध उभी असलेली जांभळी कारवी दिसली.