तलवारीची राणी

“तर मग या राणीचा अर्थ काय, होमाईबाई?”

हेमांगीने तिसऱ्यांदा विचारलं. तलवारीच्या राणीचा पत्ता दोघींच्या मध्ये टेबलावर पडला होता. खिडकीबाहेर पाचगणीचं धुकं असं दाटलं होतं, की अंगणातले सिल्व्हर ओकचे वृक्षसुद्धा दिसेनासे झाले होते.

होमाईबाई वेताच्या खुर्चीत बसून होत्या. नव्वदीला टेकलेली पारशी बाई. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी हेमांगीला भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते वाचायला शिकवलं होतं. पुढे पुण्यात हेमांगीचं नाव झालं, लोक तिच्याकडे रांगा लावू लागले, आणि इकडची वाट मोडली ती मोडलीच.

“अर्थ तूच सांग, पोरी. तू आता मोठी झालीस.”

“पुस्तकातला मला पाठ आहे. रोज सांगते लोकांना. करारी बाई. तोंडावर खरं बोलणारी. कुणाच्या भुलवण्याला न भुलणारी. एकटी.” शेवटचा शब्द तिने घाईने उरकला. “पण वर्षभर मी स्वतःसाठी पत्ता काढला, की हीच येते. कितीही पिसा. हीच. मी काही चुकीचं केलेलं नाही. नवऱ्याला सोडलं, ते बरोबरच होतं. आईच्या तेराव्याला धाकट्या बहिणीला चार गोष्टी सुनावल्या, त्याही खऱ्याच होत्या. विचारा कुणालाही.”

“कुणाला विचारू?”

हेमांगीने तोंड उघडलं. एकही नाव आलं नाही.

“धाकटी असते कुठे?” होमाईबाईंनी विचारलं.

“वाईला.” हेमांगीचा आवाज उतरला. “आजारी आहे. दवाखान्यात ठेवलंय तिला. ‘ताई, एकदा येऊन जा’ असा निरोप आला होता… पंधरा दिवस झाले.”

“म्हणजे आत्ता वाईवरूनच वर आलीस.”

“हो.”

“थांबली नाहीस.”

“आधी हिचा अर्थ कळू दे म्हटलं. जावं की जाऊ नये, ते तरी एकदाचं ठरेल.”

होमाईबाईंनी पत्ता उचलून डोळ्यांजवळ नेला.

“काय काय दिसतं तुला हिच्यात?”

“सिंहासन. मागे ढग. उजव्या हातात उभी तलवार.”

“आणि डावा?”

“डावा पुढे केलेला. त्याच्यावर बरेच वाद आहेत. कुणी म्हणतं, ती समोरच्याला अडवतेय. कुणी म्हणतं, निवाडा देतेय. मी स्वतः शिकवते तेव्हा…”

होमाईबाईंनी पत्ता पालथा ठेवला, आणि आपला डावा हात हेमांगीच्या दिशेने पुढे केला.

हेमांगी सावरून बसली. ज्यासाठी आपण घाट चढून आलो ते हेच, असं तिला वाटलं. तिने तो हात नीट न्याहाळला. सुरकुतलेला तळवा, किंचित वाकलेली बोटं, एकही अंगठी नाही.

“थांब म्हणताय? आशीर्वाद देताय? की सगळं सोडून दे म्हणताय?”

हात तसाच हवेत होता. आता तो जड होऊन खाली झुकायला लागला होता. हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली.

“मला नाही कळत,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने कुणापुढेच उच्चारलं नव्हतं.

“अगं, धर की हात,” होमाईबाई म्हणाल्या. “गुडघे आखडलेत. एकटीला उठवत नाही मला.”