सरकारांची लाँच आणि दोन अटी

"इंजिन बाहेर काढायचं, पण ते कोणी वर उचलायचं नाही. आणि लाँच पाण्यातून काठावर ओढायची नाही. समजलं?" सुरंगगडचे राजे रणधीरराव म्हणाले.

समोर लखू मिस्त्री मान खाली घालून उभा होता. राजांच्या जुन्या लाँचचं इंजिन गंजून गपगार झालं होतं. इंजिनापासून बुडातल्या भोकातून मागच्या पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी दांडाही वाकला होता. दोन्ही काढल्याशिवाय नवं काही बसणार नव्हतं.

"सरकार, दांडा उपसला की भोकातून पाणी शिरणार. लाँच बुडेल. म्हणून आधी काठावर..."

"राजाची लाँच काठावर? मेलेल्या माशासारखी? आणि ते इंजिन आमच्या आबासाहेबांनी स्वतः बसवलंय. त्याला उचललेलं आम्हाला खपणार नाही."

खरं तर तेव्हा आबासाहेब फक्त खुर्चीत बसले होते. इंजिन बसवलं होतं लखूच्या बापाने.

"जमत नसेल तर गोदी खाली कर," राजे म्हणाले. "तिथे आम्हाला टेनिसचं मैदान करायचंय."

खरी गोम ही होती. खाडीकाठच्या त्या गोदीत लखूचं घराणं होड्या बांधत आलं होतं. राजांना टेनिस येत नव्हतं. पण शेजारच्या राजाकडे मैदान होतं ना!

लखूच्या मागे बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची लेक चांगुणा उभी होती. कुशीतलं पोर किरकिरत होतं.

"करून देऊ, सरकार," ती म्हणाली. "येत्या अमावास्येला."

दरबार हसला. दिवाणजी सगळ्यांत मोठ्याने हसले. "अमावास्या? याहून चांगला मुहूर्त नाही सापडला?"

"मोडकं इंजिन काढायला मुहूर्त लागतो होय, दिवाणजी? मग वाजंत्रीही सांगा."

"आणि न उचलता इंजिन वर कसं येणार?" राजांनी विचारलं.

"वर कशाला येईल? ते आहे तिथेच राहील."

"ऐका! इंजिन काढायचं, आणि ते आहे तिथेच राहणार. दिवाणजी, हिला बाळंतवात झालाय."

वाटेत लखू म्हणाला, "बाय, काय बोलून बसलीस? घाबरलो ना मी."

"मी पण घाबरलेच की, बाबा. पण पोराच्या दुधाची वेळ झाली होती. काहीतरी बोलून निघायला हवं होतं."

मग पोर पाजता पाजता तिने बापाला सगळं समजावलं. लखू पहिल्यांदा हसला.

अमावास्येला भर दुपारी खाडी काठोकाठ भरली. राजे छत्री, खुर्ची, लोड आणि पानाच्या डब्यासह धक्क्यावर आले आणि नेहमीप्रमाणे समुद्राकडे पाठ करून खुर्चीत बसले. नाहीतर खाऱ्या वाऱ्याने मिशा विस्कटत.

लखूने धक्क्याच्या, पाण्यात उभ्या असलेल्या दोन दगडी खांबांवर जाड तुळई आडवी टाकली आणि लाँच बरोबर तिच्याखाली आणून बांधली. इंजिनावरचं झाकण काढलं. तुळईला बांधलेली साखळी इंजिनाला ताणून आवळली. मग दांडा भोकातच ठेवून इंजिनापासून सुटा केला आणि इंजिनाचे नटबोल्टही काढले.

"झालं," चांगुणा म्हणाली. "आता जेवून घ्या, बाबा."

"हे काम?" दिवाणजी फिसकन हसले. राजांनी जांभई दिली आणि खुर्चीतच लोडावर कलंडले.

ते उठले तेव्हा दिवाणजींचं तोंड उघडंच होतं. लाँच धक्क्याच्या तळाशी चिखलात टेकली होती. इंजिन तिच्या वर, तुळईला लटकत होतं. लखूने बाहेरून पंखा काढला, इंजिनाच्या रिकाम्या जागेतून दांडा आत ओढून घेतला आणि भोकात काथ्या गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकली.

"लबाडी!" दिवाणजी ओरडले. "लाँच पाण्यातून काढली."

"कोणी काढली?" चांगुणा म्हणाली. "लाँच धक्क्यालाच आहे. पाणी निघून गेलं. पाण्याला अट घालायची तुम्हीच विसरलात."

"आणि इंजिन?" राजे म्हणाले.

"दुपारी होतं तिथेच आहे, तसूभरही वर गेलं नाही. लाँच खाली गेली. बाबा, पाणी चढायला लागलं की लाँच लगेच बाजूला घ्या हं. नाहीतर इंजिन आपोआप जागेवर बसायचं, आणि दिवाणजी म्हणायचे, हेही आबासाहेबांनीच बसवलं."

राजांच्या मिशा थरथरल्या. "पण हे पाणी... असं रोज जातं?"

"रोज दोनदा, सरकार. अमावास्या-पुनवेला सगळ्यांत लांब. खुर्ची फिरवलीत तर दिसेल."

राजांनी स्वतःच्या हाताने खुर्ची फिरवली. उघड्या पडलेल्या खाडीकडे त्यांनी नीट पाहिलं. मग एकदम हसत सुटले. इतके, की पानाचा डबा खाली चिखलात पडला.

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चांगुणाच्या पोराच्या मुठीत दिलं. "गोदी तुमची. पिढ्यान्‌पिढ्या."

"आणि टेनिस, सरकार?" दिवाणजींनी हळूच विचारलं.

राजांनी चिखलाकडे बोट दाखवलं. "मैदान तयार आहे. भरतीच्या आत खेळून घ्या. आणि येताना पानाचा डबा आणा."