आशीर्वादाचा बत्ता

“अपघात पुन्हा करून दाखव!” लखमशेठ भर दरबारात ओरडला. “आणि मुद्दाम नाही हं! अपघातानेच झाला पाहिजे!”

आता घ्या! समोर उभी होती चिमाबाई पापडवाली. तिच्या घरची काळी, घोटीव फरशी मधोमध तडकली होती. त्याच फरशीवर ती गावभरचे पापड लाटायची. आता पापड भेगेत अडकून टराटरा फाटत होते, आणि ऊन काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. उन्हाळा असाच गेला, तर वर्षभर खायचं काय?

लखमशेठचा धंदा मोठा नामी. नाव घरहमी! दर दसऱ्याला शेठला तुपाचं मडकं द्यायचं. घरातल्या भिंतीला, ओट्याला, जमिनीला अपघाताने काही झालं, तर शेठने ते नीट करून द्यायचं. तूप सगळा गाव देत होता. नीट मात्र आजवर कुणाचंच काही झालं नव्हतं! एकाच्या ओल्या जमिनीवरून वासरू चालत गेलं, तर शेठने म्हणे वासरालाच विचारलं, “मुद्दाम गेलास का रे?” वासरू गप्प. “बघा, लपवतंय!” म्हणत शेठ चालता झाला.

“झालं काय होतं?” रायाजीराजांनी विचारलं. राजे मनाने चांगले, पण कागदावर एखादी अट दिसली की हट्टालाच पेटायचे.

“महाराज, मी पापडाचं पीठ कुटत होते. हातात हा लोखंडी बत्ता. तेवढ्यात नवी सून माहेराहून आली नि आल्या आल्या पाया पडली. आशीर्वादाला माझा हात वर गेला, नि बत्ता सुटला!”

“काहीतरीच!” शेठ फिस्सकन हसला. “शहाणं माणूस आधी बत्ता खाली ठेवेल, मग आशीर्वाद देईल! हिला नवी फरशी हवीय, दुसरं काही नाही!”

राजांनी हमीपत्र दोनदा वाचलं. “‘अपघाताने’ असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा चिमाबाई, आत्ता इथे, आमच्यादेखत अपघात होऊ दे. मुद्दाम केलास, तर तुझी फरशी गेली!”

“इथे? या नव्या कोऱ्या संगमरवरावर?”

“इथेच! त्यालाही शेठचीच घरहमी आहे.”

शेठ मिशीतल्या मिशीत हसत होता. चिमाबाईने बत्ता हातात तोलून पाहिला आणि त्याच्यापुढे धरला.

“शेठ, तुम्हीच धरून बघा नि सांगा महाराजांना. असा बत्ता हातून सुटेल का?”

शेठने तो उजव्या मुठीत घट्ट धरला. “हा बघा, महाराज! सुटतोच कसा?”

चिमाबाईने डोळ्यांना पदर लावला. “हरले बाई मी! शेठ, तुम्ही वडीलधारे. चुकलं माझं, पदरात घ्या!” आणि वाकून तिने त्याचे पाय शिवले.

शेठला मानाचं भारी वेड! कुणी पाया पडलं की याचे डोळे मिटलेच, हात वर गेलाच आणि बोटं उघडलीच.

“कल्याण असो!”

धाडकन!

संगमरवराला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली.

“हिने मुद्दाम केलं!” शेठ किंचाळला.

“पाया मुद्दामच पडले,” चिमाबाई म्हणाली. “पाया का कुणी चुकून पडतं? पण बत्ता कुणाच्या हातात होता?”

राजे उठून उभे राहिले. “म्हणजे लखमशेठ, आमची फरशी तुम्ही मुद्दाम फोडलीत?”

“नाही, नाही, महाराज!” शेठला दरदरून घाम फुटला. “अपघात! देवाशपथ अपघात! आशीर्वादाला हात वर गेला, नि...”

“नि बत्ता सुटला!” चिमाबाईने वाक्य पुरं केलं. “पण शेठ, शहाणं माणूस आधी बत्ता खाली ठेवेल ना?”

राजे असे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला! “शेठ, दोन्ही फरश्या बसवा! चिमाबाईची आधी. आमचे काही पापड अडलेले नाहीत! आणि बाई, यापुढे दर उन्हाळ्यात राजवाड्याचे सगळे पापड तुझ्याकडे. वर ही सोन्याची पाटली!”

चिमाबाईला रडूच फुटलं. पाटली कपाळाला लावून ती राजांच्या पाया पडायला वाकली.

“थांब, थांब!” राजे ओरडले. त्यांनी हातातली अत्तराची कुपी आधी हळूच खाली ठेवली, आणि मग आशीर्वाद दिला.