म्हसूची अर्धी भाकरी

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात म्हणाल तर एकच नाव होतं. खिंडीतला शेंदूर फासलेला म्हसोबा गावाची राखण करी, म्हणून प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाचं नाव म्हसू. आजोबा म्हसू, नातू म्हसू, शेजारी म्हसू आणि त्याच्याशी बांधावरून भांडणारा तोही म्हसूच. मुलींची आणि धाकट्यांची नावं तेवढी वेगवेगळी असत, म्हणून गावाचा कारभार कसाबसा चाले.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण त्या गावची रीत आणखी पुढची होती. थोरला मुलगा जन्मला की बारशाच्या आत कुठून तरी कुत्र्याचं पिल्लू आणायचं. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मग खाली वाकून तेच नाव पिल्लाच्या कानात सांगायचं. त्या दिवसापासून दोघं नावभाऊ. पोराच्या हातात भाकरी आली की अर्धी पोराची, अर्धी कुत्र्याची. कुत्रा म्हातारा होऊन गेला की नवं पिल्लू येई आणि जुनंच नाव घेई. दुसऱ्या नावाचा कुत्रा त्या गावात नव्हताच.

संध्याकाळी एखादी आई दारात उभी राहून ‘म्हसूऽऽ’ अशी हाक मारी, तेव्हा तिचा पोरगा सोडून बाकी सगळे येत. गावातले चौदाच्या चौदा कुत्रे धावत, एकमेकांना ढकलत तिच्या उंबऱ्याशी गोळा होत. “मेल्यांनो, तुमाला कुनी बोलावलं?” असं म्हणत ती हसे, पण प्रत्येकाला तुकडा टाकल्याशिवाय परत पाठवत नसे. पलीकडच्या डोंगरात लांडगे होते. त्यांच्या कानावर ही चौदा जणांची धावपळ रोज जाई, आणि ते खिंडीच्या अलीकडे पाऊल टाकत नसत.

गावचा पाटीलही अर्थात म्हसूच. फक्त त्याला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती तशी हाक मारायची. ती गेल्यावर सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘पाटील’.

हा पाटील सहा वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. त्याचा नावभाऊ सात दिवस पावसात उंबऱ्याबाहेर बसून राहिला. त्याला हाकललं तरी तो हलला नाही, भाकरी टाकली तरी त्यानं तोंड लावलं नाही. आठव्या दिवशी सकाळी पोराचा ताप उतरला आणि कुत्रा दारातच मरून पडलेला दिसला. आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “तुझ्यावरचं त्यानं घेतलं रं, बाळा.” तिला त्या मुक्या जिवाची माया सांगायची होती. पोरानं मात्र तेवढंच मनात धरलं, की कुत्रा मेला म्हणून मी वाचलो. वय वाढलं, डोक्याला पाटीलकीचा फेटा आला, पण ती समजूत सहा वर्षांच्या पोराचीच राहिली.

पाटलाला उशिरा मुलं झाली आणि ती टिकली नाहीत. तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथा तेवढा जगला. त्याचं नाव म्हसू, आणि त्याच्या जोडीला एका कानाचा तुकडा गेलेला तांबडा कुत्रा म्हसू. दोघं एकाच घोंगडीवर वाढले. पोरगं सात वर्षांचं झालं तरी पाटलाच्या मनातली धास्ती गेली नव्हती. पोर खोकलं तरी तो रात्रभर दिवा विझू देत नसे. चावडीवर करड्या आवाजात बोलणारा हा माणूस पोराच्या अंथरुणाशी बसला की दर घटकेला त्याच्या कपाळाला हात लावून बघे. त्याला दोष देण्याआधी हे लक्षात ठेवलं पाहिजे.

एका वर्षी पाऊस सरता सरता गावात तापाची साथ आली. कुणी चार दिवस पडलं, कुणी आठ, आणि बहुतेक उठले. पाटलाचं पोर पाचव्या दिवशीही डोळे उघडेना. तांबडा म्हसू खाटेखाली बसून होता. पाटलानं पोराकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. मग त्यानं खुंटीवरचा दोर काढला.

“ह्याला कुठं न्हेताय?” पाटलीणबाईनं विचारलं.

“माळावर धाडतो, मेंढरांमागं,” पाटील म्हणाला.

गावामागं खोल दरी होती. कुत्रा शेपटी हलवत त्याच्या पुढे पुढे चालला. घरच्या माणसाबरोबर फिरायला निघाल्याचा त्याला आनंद होता. कड्याच्या टोकाशी पाटलानं दोर सोडला. कुत्र्यानं त्याचा हात चाटला. पाटलानं डोळे मिटले आणि त्याला ढकललं.

दोर घेऊन तो इतक्या लवकर एकटाच परतला, की पाटलीणबाईला काय ते कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. “आवं, नावभावाला मारून पोर जगंल व्हय?”

“तिघांना मी माझ्या हातानं पुरलंय,” पाटील म्हणाला. “चौथ्याला पुरायचं बळ माझ्यात नाही.”

दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. उतरायचाच होता, गावात इतरांचाही चार-आठ दिवसांत उतरलाच होता. पण पाटलाला हे कोण सांगणार? आणि तिसऱ्या दिवशी जेव्हा ताप पुन्हा चढला, तेव्हा त्याचा अर्थ पाटलानं आपल्याच पद्धतीनं लावला. एकानं भागलं नाही, असं त्याला वाटलं. संकट म्हसू नावाच्या कुत्र्यांवर उतरत असेल, तर गावात अजून तेरा होते.

त्यानं दवंडी पिटवली. घरोघरचा कुत्रा सूर्य कलायच्या आत चावडीपाशी आणून बांधावा.

गाव मुकाट्यानं आलं. पाटलापुढे बोलायची छाती कुणाची नव्हती. शिवाय प्रत्येकाच्या मनात एक हलकट विचार होता, की कुत्राच तर मागतोय, पोरगं थोडंच मागतोय. बायांनी घरातून निघताना कुत्र्यांना भाकरी घातल्या आणि तोंड फिरवलं. पोरं रडली, त्यांना घरात कोंडलं.

फक्त म्हातारा धनगर रिकाम्या हातानं आला. तोही म्हसूच.

“कुत्रा कुठाय?” पाटलानं विचारलं.

“पाटील, येक सांगू का? ह्यो नावाचा संबंद असा न्हाई. त्येची काळजी आपन घ्याची आन् आपली त्येनं. जीव त्येनं आपनहून दिला तर दिला. मागून न्हाई घेता येत.”

“म्हाताऱ्या, माझं पोर मरतंय.”

“पोराला औक्ष लाभू दे. पर खिंडीपल्याड लांडगं कसं टपून बसत्यात, त्ये म्या चाळीस वरसं बगतुया. समदी कुत्री गेली तर राखन कोन करंल?”

पाटलाचा चेहरा दगडासारखा झाला. “तुझी मेंढरं माझ्या माळावर चरतात. उद्यापासून चरणार नाहीत.”

 धनगर घरी गेला आणि आपला पांढरा, आंधळा होत आलेला म्हसू खांद्यावर घालून घेऊन आला. त्यानं त्याला बांधलं नाही. कुत्रा आपोआपच त्याच्या पायाशी बसला.

त्या संध्याकाळी दरीच्या कड्यावरून तेरा कुत्रे गेले. त्यातले काही पडता पडताही मागे वळून आपल्या धन्याला शोधत होते. गावानं हे पाहिलं आणि घरी जाऊन दारं लावून घेतली.

चार दिवसांनी पाटलाचं पोर उठून बसलं. त्याचे गाल बसले होते, पाय काटकुळे झाले होते, पण ते जगलं होतं. पाटील पोराला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडला. मग चावडीवर जाऊन म्हणाला, “बघितलंत? मी म्हणत होतो ना!” लोक एकेक करून उठले आणि आपापल्या वाटेला लागले.

पोरानं शुद्धीवर येताच पहिला प्रश्न विचारला, “म्हसू कुठंय?”

“माळावर गेलाय, मेंढरांबरोबर,” बाप म्हणाला. “तुझ्या पायात बळ आलं की येईल.”

पोरानं मान हलवली. त्या दिवशी आईनं दिलेली भाकरी त्यानं मधोमध मोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी उशाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाटलीणबाईनं अंथरूण झटकताना त्या अर्ध्या भाकरी पाहिल्या. त्यांना हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

इकडे गाव फार शांत झालं होतं. सुरुवातीला कोल्हे आले आणि त्यांनी खळ्यावरच्या कोंबड्या नेल्या. मग एक दिवस भर दुपारी धनगराच्या कळपातलं कोकरू गेलं. धनगर तडक चावडीवर आला.

“पाटील, लांडगा खिंडीच्या अल्याड आलाय. पलीकडल्या गावातनं चार-दोन कुत्री आना. पोरांना बाहीर सोडू नगा.”

“कुत्री आणायची म्हणजे नाव ठेवावं लागेल,” पाटील म्हणाला. “आणि म्हसू नावाचं संकट मी नुकतंच गावाबाहेर घालवलंय. ते पुन्हा आत आणू? दारं नीट लावा म्हणजे झालं.”

धनगरानं हात जोडले. पाटलाला नव्हे, खिंडीतल्या म्हसोबाला. आणि तो निघून गेला.

उठून बसल्यापासून नवव्या दिवशी पोराच्या पायात बळ आलं. आई परसात शेण थापत होती, बाप चावडीवर बसला होता. दिवस कलला होता, घरोघर चुली पेटत होत्या. नेहमी याच वेळी तांबडा म्हसू बाहेरून येई. पोरानं उशाखालच्या साऱ्या अर्ध्या भाकरी एका फडक्यात बांधल्या आणि ते दार लोटून निघालं. बापानं तो माळावर असल्याचं सांगितलं होतं. माळाची वाट दरीच्या कडेनं जाते.

गावानं हाक ऐकली. “म्हसूऽऽ! ये रं, म्हसूऽऽ!”

पाटलानंही ऐकली. पोराचा आवाज खणखणीत होता. आजारपणानंतर पहिल्यांदाच इतका मोठा आवाज निघाला म्हणून पाटलाला क्षणभर बरं वाटलं, आणि शेजारच्याला तो म्हणालाही, “ऐकलंत? माझं पोर!” मग त्याच्या ध्यानात आलं, की हाक घरातून येत नव्हती.

पूर्वी अशा एका हाकेला चौदा जण धावत सुटत. त्या संध्याकाळी दरीनं तेवढी ती हाक परत पाठवली. पोरानं आणखी दोनदा हाक मारली. तिसरी अर्ध्यात तुटली.

पाटील फेटा सोडून धावला. त्याच्यामागं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन सारं गाव धावलं. पण माणूस किती जोरात धावणार? कड्याच्या टोकाशी, जिथं पाटलानं दोर सोडला होता तिथून चार पावलांवर फडकं पडलं होतं. त्याची गाठ सुटली होती. भाकरीचे वाळलेले अर्धे तुकडे गवतात विखुरले होते, एकालाही दात लागलेला नव्हता. पुढे झुडपांतून ओढत नेल्याची खूण खिंडीकडे गेली होती.

पाटील खाली बसला. त्यानं एक तुकडा उचलला आणि तो हातात धरून राहिला. म्हातारा धनगर मागून आला.  आपली घोंगडी काढून त्यानं पाटलाच्या अंगावर टाकली. त्याचाही कुत्रा याच कड्यावरून गेला होता, आणि तो त्यानंच खांद्यावरून आणला होता.

पाटलीणबाई माहेरी गेली, ती परत आली नाही. गावानं पलीकडून पिल्लं आणली. बारशी झाली, पण आत्याबायांच्या तोंडून ते नाव निघेना. कुणी मुलाचं नाव नदीवरून ठेवलं, कुणी आजोळच्या देवावरून. मोठ्या माणसांनाही आपलं नाव नकोसं झालं. एकानं ते सोडून दिलं, मग दुसऱ्यानं. धनगराला सगळे नुसतं ‘म्हातारबा’ म्हणू लागले. काही वर्षांत त्या गावात म्हसू नावाचा एकच जीव उरला. तो रोज दिवस कलताना अर्धी भाकरी घेऊन कड्यावर जाई आणि स्वतःच्याच नावानं हाक मारी. हाक संपली की तो भाकरी तिथंच ठेवून परत येई.

वाटेत भेटणारे लोक त्याला ‘रामराम, पाटील’ म्हणत. त्याला नावानं हाक मारणारं मात्र आता खरोखरच कुणी नव्हतं.

तात्पर्य एवढंच: मायेनं कुणी आपल्यासाठी जीव दिला, तर ते त्यानं आपणहून दिलेलं असतं. ते हक्क म्हणून हिसकावून घेणाऱ्याच्या घराला शेवटी राखणदार उरत नाही.