सगुणेचं रडू राणीला

एका राज्यात पाणवठ्यावर बायकांची कुजबुज चालली होती. "राणीसाहेबांनी पोटच्या पोरीला दगड केलं म्हणे, आणि डोळ्यांतून टिपूस..." इतक्यात राजवाड्यातली दासी सगुणा घागर घेऊन आली आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. पुढचं ऐकायला कान नुसते टवकारून राहिले हो!

तर त्या राजघराण्याची रीत अशी, की सिंहासनावर बसणाऱ्याने रागावू नये, हसू नये, रडू नये. राणी कुमुदिनीच्या वाटचं हे सगळं सगुणाच करी. राजा पुरात वाहून गेला तेव्हा सगुणा ऊर बडवून रडली, राणी कोरडी उभी राहिली. तेव्हापासून राणीला बसवेना, निजवेना. या दालनातून त्या दालनात नुसती येरझार. आणि तिची चिमुकली लेक मेखला पावलांपासून दगड होऊ लागली.

गुडघेही दगडाचे झाले तशी राणी डोंगरावरच्या जादूगाराकडे धावली.

"हा घराण्याचा शाप," तो म्हणाला. "आईने गिळलेलं लेकराच्या अंगात साचतं. एक संताप, एक हसू, एक आसू आण. माझी साळुंकी पारखून घेईल."

राणीने काय करावं? सवयीने सगुणेलाच धाडलं! सगुणा डोंगरावर जाऊन कडाडली, खळखळून हसली, ढसाढसा रडली. साळुंकी उडत राजवाड्यात आली नि म्हणाली, "माल अस्सल, पण सगुणेचा."

मेखला कमरेपर्यंत दगड झाली. "आईसाहेब, थंडी वाजते," ती पुटपुटली.

"सगुणे, काय करू गं?"

"मी काय सांगू? नवरा तुमचा गेला, बाईसाहेब, माझा नाही."

राणीच्या कपाळाची शीर तटतटली. राजाच्या रिकाम्या मंचकाकडे बघून ती ओरडली, "पुरात घोडा घालू नका म्हणाले होते मी! ऐकलं नाहीत. कधी म्हणून ऐकलं नाहीत!" हातातलं तबक खणकन भिंतीवर आदळलं. मेखलेची कंबर मऊ झाली.

"माझंपण नाही ऐकायचे," मेखला म्हणाली. "घोरू नका म्हटलं, की म्हणायचे, मी नाही, वाघ आला होता."

राणीला हसू फुटलं, ते आवरेचना. मेखलेचे गुडघे दगडातून सुटले. हसता हसता तिचा आवाज फाटला, आणि लेकीला कवटाळून ती अशी रडली, की दारावरच्या पहारेकऱ्यांनी भाले खाली ठेवले. साळुंकीने एक आसू चोचीत झेलला.

"हा राणीचा."

मेखला अंगणात धावत सुटली. शाप फिटला, रीत मोडली, राणी पहिल्यांदा टेकून बसली. बघते तो सगुणा कोपऱ्यात मुसमुसतेय.

"आता कुणाचं गं रडतेस?"

"माझंच, बाईसाहेब. आई गेली त्या दिवशी तुमच्या वाटचं हसायचं होतं."

राणीने सरकून तिला शेजारी जागा दिली.

पाणवठ्यावरचं बोलणं निम्मंच खरं निघालं. पोरीला दगड राणीनेच केलं होतं. पण टिपसाचं म्हणाल, तर त्या दोघींचे पदर काही केल्या वाळेनात.